जुन्या स्पीकरवरील २२०३४७ हा आकडा कसा वाचावा?

प्रश्न

माझ्याकडे एक जुना अमेरिकी कॉम्बो अ‍ॅम्प (एकाच पेटीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर) आला आहे. त्यातील १२ इंची स्पीकरच्या फ्रेमवर २२०३४७ असा शिक्का आहे आणि मागच्या झाकणावर सी१२एन ही अक्षरे जेमतेम वाचता येतात. हा स्पीकर कोणी व कधी बनवला आणि तो या अ‍ॅम्पमध्ये पहिल्यापासूनचा आहे का, हे कसे ठरवावे? मीटर लावल्यावर साडेसहा ओहम दिसतात, त्यामुळे काही बिघाड आहे का, अशीही शंका आहे.

उत्तर १

बिघाडाची शंका सोडून द्या. आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध साधारण सहा ते सात ओहमच भरतो.

शिक्क्यातील पहिले तीन आकडे उत्पादकाचे असतात आणि २२० म्हणजे जेन्सन. ऑक्सफर्डचा ४६५, सीटीएसचा १३७ आणि युटाचा ३२८. एमिनन्सचा मात्र ६७ हा दोनच आकडी असल्यामुळे अनेक जण तो १९६७ समजून बसतात. पुढचा ३ हा वर्षाचा शेवटचा आकडा आणि ४७ हा आठवडा. शेवटचे दोन आकडे ५३ च्या वर गेले, तर आपण भलताच आकडा वाचत आहोत असे खुशाल समजावे.

दशक शिक्क्यात नसते, ते इतर खुणांवरून काढावे लागते. सी१२एन मधील सी म्हणजे सिरॅमिक चुंबक. अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्टच्या मिश्रधातूचे चुंबक) असता तर तिथे पी असता. म्हणून १९५३ बाद करून मी १९६३ कडे झुकतो. तरीही अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटवरचे (बटणामागच्या बदलत्या रोधकावरचे) आकडे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

उत्तर २

वरील वाचन बरोबर आहे, पण ते फ्रेमपुरतेच खरे आहे, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कोन (स्पीकरचा शंकूसारखा कागदी पडदा) फाटला किंवा कॉइल जळली की जुन्याच फ्रेमवर नवा कोन बसवतात आणि शिक्का जसाच्या तसा राहतो. कोनच्या कडेखाली जुन्या गोंदाचे खरवडलेले थर दिसतात का, मधल्या टोपीभोवतीचा गोंद बाकीच्यापेक्षा ताजा आहे का, हे उजेडात तिरके धरून पाहा. टर्मिनलवरचे सोल्डरचे डागही तपासा. एकावर एक दोनदा दिलेला डाग फुगीर दिसतो आणि त्याची चमक वेगळी असते.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले. पॉटवर ३०४६३३८ आहे. कोनच्या कडेचा गोंद सगळीकडे सारखाच तपकिरी आहे आणि टर्मिनलवर एकदाच दिलेला, काळवंडलेला डाग आहे.

उत्तर १

३०४ म्हणजे स्टॅकपोल. इथे वर्ष दोन आकडी असल्यामुळे १९६३ चा ३८ वा आठवडा निर्विवाद ठरतो आणि स्पीकरचे दशकही त्याच्याशी जुळते. जोडणीची तारीख मात्र पॉटवरून धरू नका, कारण पॉट घाऊक घेतलेले असत आणि कधी कधी बरेच दिवस पडून राहत. सर्वांत उशिराचा मूळ भाग जेव्हाचा, त्याआधी अ‍ॅम्प पूर्ण होणे शक्य नाही. डाग मूळचा दिसत असल्यामुळे नोव्हेंबर १९६३ चा उत्तरार्ध ही सर्वांत उशिराची मर्यादा नसून सर्वांत आधीची मर्यादा आहे. ट्रान्सफॉर्मरवरही असाच शिक्का असतो. तो ४७ व्या आठवड्यानंतरचा निघाला, तर ही मर्यादा तितकी पुढे सरकवा.