शब्दचर्चा : साउंड चिपमधल्या ‘एन्व्हलप’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर):
जुन्या बोर्डावरून काढलेली एवाय-३-८९१२ ही आवाज काढणारी चिप आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडून मुलांना शिकवायची आहे, त्याचं टिपण लिहितोय. ‘टोन’ला सूर आणि ‘नॉइज’ला खरखर, हे जमलं. ‘एन्व्हलप’ला लिफाफा म्हणू का?

उत्तर:
दादा, लिफाफा नको. त्या शब्दातून मुलांच्या हाती काहीच लागणार नाही. ‘चढउतार’ म्हणा, चिपचा हा भाग आवाजाचा जोर आपोआप चढवतो-उतरवतो, नेमकं तेच. जनरल इन्स्ट्रुमेंटची ४० पिनांची ८९१० ही थोरली. तुमची २८ पिनांची धाकटी झेडएक्स स्पेक्ट्रम १२८ आणि अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसीमध्ये होती. दोन्हींत सुरांचे तीन चॅनेल, खरखर करणारा एक भाग आणि चढउताराचाही एकच.

टिपणात उदाहरण घालाच. क्लॉक, म्हणजे चिपला मिळणाऱ्या ठोक्यांची गती, २ मेगाहर्ट्झ धरा. त्याला १६ ने भागायचं, मग हव्या त्या सुराच्या हर्ट्झने. पेटीवरची पांढरी सहा, म्हणजे ४४० हर्ट्झला, आकडा येतो २८४. तो २५६ अधिक २८ असा फोडून रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) ० मध्ये २८ आणि १ मध्ये १ लिहायचा. रजिस्टर ७ मध्ये ६२ लिहिलं की पहिल्या चॅनेलचा सूर तेवढा चालू. आता ८ मध्ये १५ लिहिलं, तर आवाज पूर्ण जोरात आणि सपाट. १६ लिहिलं, की आवाज चढउताराच्या ताब्यात. मग चढउताराच्या गतीसाठी ११ मध्ये १३२, १२ मध्ये ३० आणि त्याच्या आकारासाठी १३ मध्ये ० लिहा: सूर साधारण सेकंदाभरात विरतो. १३ मध्ये पुन्हा ० लिहिलं की तार परत छेडल्यासारखा नव्यानं उमटतो. हे मुलांना आधी ऐकवा, शब्द नंतर सांगा.

आणखी एक मत:
विरणाऱ्या नादाला आपल्याकडं ‘आस’ म्हणतात की! मिरजेचा तंबोरा ऐकलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. तोच शब्द घ्या.

उत्तर:
शब्द गोड आहे आणि ० या आकाराला जरूर वापरा. पण रजिस्टर १३ मध्ये १३ लिहिलं तर आवाज चढून वरच थांबतो, १४ लिहिलं तर वरखाली होतच राहतो. त्याला आस म्हणता येणार नाही, म्हणून सगळ्या भागाचं नाव चढउतारच हवं. आणि तिन्ही सुरांना वेगवेगळी आस द्यायची असेल, तर हा एक भाग पुरत नाही. तेव्हा ८, ९, १० या तिन्ही चॅनेलच्या जोराच्या रजिस्टरांतले आकडे आर्डुइनोनंच १५ वरून पायरीपायरीनं ० वर आणायचे.