मदत हवी आहे: आंब्याच्या वेबसाइटवर एकच शब्द किती वेळा लिहायचा असतो?

कलमबाग

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा. आता त्यातला थोडा आम्ही थेट गिऱ्हाइकांना पाठवतो, जास्त करून पुणे आणि ठाणे-डोंबिवलीकडे. त्यासाठी वेबसाइट केली आणि मजकुराचं काम एका एजन्सीला दिलं. (नाव विचारू नका, लिहिणार नाही.)

त्यांनी दिलेल्या मजकुराचा हा नमुना:

"देवगड हापूस आंबा पुणे येथे ऑनलाइन खरेदी करायचा असल्यास आमचा देवगड हापूस आंबा पुणे हा सर्वोत्तम देवगड हापूस आंबा पुणे आहे. देवगड हापूस आंबा किंमत पुणे जाणून घेण्यासाठी आजच देवगड हापूस आंबा पुणे ऑर्डर करा."

हेच पान ठाण्यासाठी, नाशिकसाठी, कोल्हापूरसाठी, फक्त गावाचं नाव बदलून. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तीसेक शहरांची यादी. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "ह्यां वाचून आंबो कोण घेतलो गो?"

पहिल्या हंगामात बरी गिऱ्हाइकं आली. गेल्या हंगामात गूगलवरून येणारी माणसं खूपच कमी झाली. एजन्सी म्हणते की कीवर्डचं (म्हणजे लोक गूगलवर टाकतात त्या शब्दांचं) प्रमाण कमी पडतंय, ते चार टक्क्यांपर्यंत न्यायला हवं आणि त्यासाठी आणखी पन्नास लेख लागतील. पैसे अर्थातच वेगळे. हे चार टक्के खरे असतात का? शहरांची पानं ठेवू की काढू? आणि मजकूर मीच लिहायला घेतला तर सुरुवात कुठून करू? माझं शिक्षण कॉमर्सचं आहे, लेखनाशी संबंध शाळेतल्या निबंधापुरताच.

शोधवाट

या क्षेत्रात नोकरी करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चार टक्के, दोन टक्के असा कुठलाही आकडा गूगलने कधी दिलेला नाही. किमान इतके शब्द हवेत असाही नियम नाही. उलट तुमच्या मजकुरात जे झालंय ते गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात नावानिशी आहे. एकच शब्द अनैसर्गिकपणे पुन्हा पुन्हा वापरणं आणि शहरांच्या नावांचे ढीग टाकणं ही दोन्ही उदाहरणं तिथे 'कीवर्ड स्टफिंग'खाली दिली आहेत. गावाचं नाव बदलून केलेली पानं 'डोअरवे' या वेगळ्या प्रकारात मोडतात.

हा प्रकार मोठ्यांनीही करून पाहिलाय. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट शोधातून काढून टाकली होती. 'जुन्या गाड्या' या अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरलेली पानं ते गूगलच्या यंत्रणेला दाखवत आणि माणूस आला की त्याला भलत्याच पानावर नेत. ती पानं काढल्यावर काही दिवसांत साइट परत आली. पण बीएमडब्ल्यूला लोक नावाने शोधतात. तुमची बाग नावाने शोधणारे किती?

पूर्वी ही युक्ती चालायची, हे मात्र खरं. नव्वदच्या दशकातली शोधयंत्रं बऱ्याच अंशी पानावरचे शब्द मोजून क्रम लावायची. १९९८ मध्ये आलेल्या गूगलने दुसऱ्या साइट्सकडून येणाऱ्या लिंक्सना वजन दिलं, मग लोक लिंक्स विकत घ्यायला लागले. पुढे २०११ मध्ये पांडा नावाच्या बदलाने पोकळ मजकुराच्या साइट्स खाली गेल्या आणि एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आला तो विकतच्या लिंक्स आणि शब्दांची कोंबाकोंबी यांच्यावरच. म्हणजे तुमची एजन्सी निदान दशकभर जुनं शास्त्र विकतेय.

तरी घाईने निष्कर्ष काढू नका. आंब्याचा शोध हंगामी असतो. 'कमी झाली' म्हणजे कोणत्या महिन्याच्या तुलनेत? सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट साधनात तुमच्या साइटचा १६ महिन्यांचा डेटा मिळतो. यंदाचा एप्रिल गेल्या एप्रिलशी लावून बघा, जुलैशी नाही. आणि तिथेच 'मॅन्युअल ॲक्शन'खाली (गूगलच्या माणसांनी साइटवर केलेली कारवाई) काही सूचना आहे का तेही पाहा.

कलमबाग

धन्यवाद. मॅन्युअल ॲक्शनमध्ये काही नाही. एप्रिलला एप्रिल लावून पाहिलं, निम्म्याहून कमी आहे. आणि बिलात 'मेटा कीवर्ड्स' अशी वेगळी ओळ आहे, ते काय असतं?

शोधवाट

पानाच्या आतल्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी. क्रमवारीसाठी आपण ती वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलंय. त्या ओळीचे पैसे देऊ नका.

आंबाशौकीन

मी तुमच्यासारख्यांचं गिऱ्हाईक, राहणार कोथरूड. यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण दरवर्षी मार्चअखेरीस आंबा शोधायला बसते तेव्हा डोक्यात काय असतं ते सांगते.

पेटी किती डझनाची? फळ केवढं? आंबा कच्चा येणार की तयार? कच्चा आला तर घरी पिकवायचा कसा, आमच्याकडे गवत नाही, फ्लॅट आहे. कापल्यावर साका (आतला खराब, पांढरट भाग) निघाला तर पैसे परत की बदली फळ, की नुसतं सॉरी? सोमवारी पैसे भरले तर पेटी कधी येईल? अक्षय्य तृतीयेला हवी असेल तर कधी सांगायला हवं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हा खरंच देवगडचा कशावरून? कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत आमच्या गळ्यात मारलाय एकदा.

तुमच्या नमुन्यात यातल्या एकाचंही उत्तर नाही. 'सर्वोत्तम' तर सगळेच लिहितात. मी असं पान पाच सेकंदांत बंद करते आणि मैत्रिणीला फोन लावते, तू कुणाकडून घेतलास गं म्हणून.

रोखठोक

सगळे आदर्शवादी सल्ले देत आहेत म्हणून उलट बाजू मांडतो. माझा मसाल्यांचा धंदा आहे. माझ्या स्पर्धकाच्या साइटवर हीच कोंबाकोंबी आहे आणि तो पहिल्या पानावर आहे. मी छान छान लिहून तिसऱ्या पानावर. याचं काय करायचं?

शोधवाट

रोखठोक, तो त्या मजकुरामुळे वर आहे की मजकूर असूनही, हे बाहेरून कळत नाही. त्याची साइट किती जुनी आहे, नाव घेऊन शोधणारी गिऱ्हाइकं किती, गूगलच्या नकाशावर परीक्षणं किती, वर्तमानपत्रं किंवा खाद्यपदार्थांवर लिहिणारे त्याची लिंक देतात का, हे बघा. गूगलच्या नजरेतून सुटणाऱ्या साइट्सही असतातच, नाही कसं म्हणू. पण त्याचं बघून तुम्ही तेच केलंत तर त्याची जुनी पुण्याई तुम्हाला मिळणार नाही, तेवढा धोका मात्र मिळेल.

आणि 'छान छान लिहून' म्हणजे नक्की काय लिहिलंय? 'आजीच्या हातची चव' या धर्तीवर असेल तर तेही कोंबाकोंबीइतकंच पोकळ. मिरची कुठली वापरता, डंखावर (कांडपयंत्रात) कुटता की चक्कीवर, मसाला किती महिने टिकतो, हे आहे का?

रोखठोक

...नाही. बघतो.

वेलांटी

मी मराठी मजकूर तपासण्याचं काम करते. एक गोष्ट कुणी बोललं नाही. हे 'कीवर्ड जसाच्या तसा' प्रकरण इंग्रजीत निदान वाचता तरी येतं, मराठीत त्याने वाक्याचा कणाच मोडतो. मराठी माणूस 'पुण्यात हापूस कुठे मिळेल', 'हापूसची पेटी', 'आंब्याचा भाव' असं बोलतो, शब्दाला प्रत्यय लागतो, रूप बदलतं. कीवर्ड जपायचा म्हणून 'देवगड हापूस आंबा किंमत पुणे' असे सुटे शब्द मांडले की ते कुणाच्याच तोंडचं मराठी राहत नाही. त्याची गरजही नाही. गूगलने २०१९ मध्ये बर्ट नावाचं मॉडेल शोधात आणलं ते शब्दांचा संदर्भ समजावा म्हणूनच, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मराठीसह सत्तरहून अधिक भाषांमध्ये आलं. मराठीत ते अचूक चालतं असा माझा दावा नाही. पण 'पुण्याला' म्हणजे 'पुणे' हे कळण्यापुरतं चालावं.

त्यामुळे शब्दांचा विचारच करू नका, असंही मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक 'पेटी' म्हणत असेल आणि तुम्ही 'फळसंच' लिहिलंत तर गाठ कशी पडणार? गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द शीर्षकात एकदा आणि मजकुरात जिथे सहज येईल तिथे. 'अल्फान्सो'ही एखाद्या वाक्यात येऊ द्या, बाहेरचे लोक तेच शोधतात.

कलमबाग

आंबाशौकीन ताई, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. मग मी व्हॉट्सॲपवरचे गेल्या हंगामातले मेसेज काढून बसले. अगदी हेच प्रश्न! साक्याबद्दल तर इतक्यांनी विचारलंय की मी उत्तर कॉपी करून ठेवलं होतं. ते वेबसाइटवर टाकावं हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, एजन्सीच्याही.

एक परिच्छेद लिहून बघितलाय. बाबा सांगत गेले, मी उतरवत गेले. निर्दयपणे सांगा:

"आम्ही फळ चौदा आणे तयार झालं की काढतो, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासकट. देठ तुटला तर चीक सालीवर उतरतो आणि डाग पडतो. आमच्याकडून आंबा कच्चाच निघतो. घरी आल्यावर पेटी उघडून फळं गवतात किंवा कागदात, हवा लागेल अशी एका थरात पसरून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. रोज एकदा हात फिरवून बघा, मऊ झालेलं फळ आधी खा. सगळी पेटी एकाच दिवशी तयार होत नाही, होऊही नये. आम्ही कार्बाइड वापरत नाही, त्यावर कायद्याने बंदी आहे. साका बाहेरून ओळखता येत नाही, आम्हालाही नाही. झाडावर तयार होताना उन्हाचा आणि तापलेल्या जमिनीचा ताप लागला की फळात आतून पांढरट, स्पंजासारखा भाग होतो. कापल्यावर तसं निघालं तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त घालतो. हंगाम संपला असेल तर पैसे परत."

आंबाशौकीन

'आम्हालाही नाही' वाचलं आणि विश्वास बसला. हे लिहायची हिंमत कुणी करत नाही. पेटीचा आकार आणि फळाचं वजन तेवढं राहिलंय.

वेलांटी

एकाही शब्दाला हात लावणार नाही. चौदा आणे म्हणजे सोळापैकी चौदा, जवळजवळ पूर्ण तयार, हे तरुण गिऱ्हाइकाला कळणार नाही, म्हणून अर्ध्या वाक्यात सांगा. पण काढू नका.

शोधवाट

आणि बघा, न ठरवता यात पेटी, कच्चा आंबा, घरी पिकवणं, कार्बाइड, साका हे सगळं आलंय. लोक शोधतात ते हेच. गूगल आपल्या मूल्यमापकांना पानाचा दर्जा जोखण्यासाठी ज्या कसोट्या देतं, त्यांत डिसेंबर २०२२ पासून 'प्रत्यक्ष अनुभव' हीही एक आहे. तुमच्या बाबांकडे तो आहे, एजन्सीतल्या लेखकाकडे असण्याचं कारण नाही.

खरं देवगड कशावरून, यासाठी एक भर घाला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तुम्ही अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी केली असेल तर तो क्रमांक आणि प्रमाणपत्राचा फोटो पानावर द्या. सोबत बागेचे स्वतः काढलेले फोटो. नेटवरून उचललेला टोपलीतला आंबा नको.

नवाभिडू

मध्येच विचारतो. एजन्सीचे पन्नास लेख घेण्यापेक्षा एआयकडून फुकटात लिहून घेतले तर? तासाभरात होतील.

शोधवाट

मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या धोरणात नवी भर घातली. फक्त क्रमवारीसाठी ढिगाने तयार केलेला, वाचकाला काही न देणारा मजकूर त्यात येतो, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. शुद्धलेखन तपासायला, इंग्रजी करून घ्यायला एआय वापरा की. पण त्यांच्या बागेत यंदा मोहोर कधी आला, हे त्याला कुठून माहीत असणार?

कलमबाग

कळलं. पन्नास लेखांना नाही कळवलंय. गूगलच्या नकाशावर आमचं नाव एजन्सीने 'देवगड हापूस आंबा ऑनलाइन बेस्ट प्राइस' असं ठेवलंय, ते बदलू ना? आणि शहरांची पानं सरळ उडवू का? पुण्याचं एकच पान थोडं खरं आहे, कारण पुण्याला आमची गाडी ठरलेल्या वारी जाते आणि दोन ठिकाणी पेटी स्वतः येऊन नेता येते. बाकी शहरांना कुरिअर.

शोधवाट

नकाशावरचं नाव आजच बदला. पाटीवर आणि पावतीवर जे नाव असेल तेच तिथे लागतं. नाहीतर नोंद स्थगित होऊ शकते आणि परीक्षणं दिसेनाशी होतात.

पुण्याचं पान ठेवा, पण नव्याने लिहा. गाडीचे वार, दोन्ही ठिकाणांचे पत्ते, किती वाजेपर्यंत पेटी मिळते, पैसे कसे भरायचे. बाकी सगळ्या शहरांसाठी 'आंबा कुठे आणि कसा पोचतो' असं एकच पान करा आणि जुन्या पानांचे पत्ते ३०१ ने (म्हणजे कायमचे) त्या पानाकडे वळवा. सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नका, गूगल अशी पानं सापडलीच नाहीत असं धरतं. तळाची शहरांची यादी पुसून टाका. परिणाम दिसायला काही महिने लागू शकतात, तेव्हा हे आत्ता पावसाळ्यातच उरका. मोहोर येईपर्यंत गूगलने नवी पानं वाचलेली असली पाहिजेत.

कलमबाग

पाटीच नाहीये हो आमच्याकडे. पावतीवर आजोबांचं नाव आहे, तेच टाकते. पुण्याचं पान लिहून झालं की याच धाग्यावर आणते.

आंबाशौकीन

आणा. आणि त्या दोन ठिकाणांत कोथरूड आहे का तेवढं आधी सांगा.