पॅरामोटरला पंख्याऐवजी छोटं जेट इंजिन चालेल का?

निपाणीकर:
मंडळी, पॅरामोटरबद्दल (पाठीवर इंजिन-पंखा बांधून पॅराग्लायडरच्या कापडी पंखाखाली उडायचं साधन) एक शंका. मोठ्या मॉडेल विमानांना लागतं ते ४० किलो थ्रस्टचं (पुढं ढकलणाऱ्या जोराचं) जेट इंजिन जेमतेम चार किलोचं असतं. पॅरामोटरचं इंजिन, पंखा, पिंजरा धरून पाठीवर २५-३० किलो येतात. मग आपल्या बेळगावच्या माळावर ताशी ४० किमीनं दोन तास रमतगमत उडायचं तर जेट का लावू नये? माणूस, पंख, सामान मिळून १२० किलो धरा.

उद्यमबागवाला:
थ्रस्ट पुरेल, इंधन पुरणार नाही. १२० किलो एकाच उंचीवर तरंगत ठेवायला पॅराग्लायडरला साधारण २० किलो थ्रस्ट लागतो. छोटं टर्बोजेट पूर्ण थ्रॉटलला किलोभर थ्रस्टमागे तासाला दीड किलो केरोसीन पितं, अर्ध्यावर आणलं तर दोनाच्या घरात. म्हणजे तासाला ४० किलो, ५० लिटर. दोन तासांचे १०० लिटर पाठीवर घेणार कसे? पॅरामोटरचं टू-स्ट्रोक याच कामाला तासाला चारेक लिटरांत भागवतं.

कारण साधं आहे. जेट थोडीच हवा फेकतं, पण सेकंदाला ५०० मीटरनं. आपण उडतो ११ मीटरनं. ५०० ला ११ नं भागा, १ मिळवा, त्या आकड्यानं २ ला भागा: झोताच्या शक्तीतली पुढं ढकलायला कामी येते ती हाती येते ४ टक्के. बाकीची शक्ती मागच्या झोतातच जाते. सव्वा मीटरचा पंखा भरपूर हवा सेकंदाला २० मीटरनं ढकलतो. तेच सूत्र लावलं की कागदावर ७० टक्के येतात.

शिवाय बेळगाव साडेसातशे मीटरवर. एप्रिलात पारा ३७ ला टेकला की समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा घनता १५ टक्क्यांनी घटते. तुमचे ४० किलो तिथंच ३४ होतात.

खानापुरी:
इंधनापेक्षा मला झोताची भीती जास्त वाटते. टेकऑफला पंख आपल्या मागं पसरलेलं असतं आणि दोऱ्या बरोब्बर एक्झॉस्टच्या वाटेत. झोत ५०० ते ७०० अंशांचा, पंखाची डायनीमाची (मजबूत प्लास्टिक धाग्याची) दोरी दीडशेच्या आसपासच वितळते. उन्हाळ्यात खाली वाळलेलं गवत असतं ते वेगळंच.

थ्रॉटलही मंद. आयडलवरून (नुसतं सुरू ठेवलेल्या स्थितीतून) पूर्ण ताकदीला चार-पाच सेकंद लागतात. उतरताना खाली दाबणारा झोका आला तर तेवढा वेळ मिळत नाही. पंख्याचं इंजिन सेकंदाभरात उचलतं.

आणि आपली तांबडी माती. टर्बाइन मिनिटाला लाखाच्या आसपास फिरतं, बारीक खडा आत गेला की कंप्रेसरची पाती गेलीच. बेअरिंगला वंगण इंधनातलंच, म्हणून केरोसीनमध्ये ५ टक्क्यांपर्यंत टर्बाइन ऑइल घालावं लागतं. बंद केल्यावर स्टार्टरनं फिरवत गार केलं नाही तर आतल्या उष्णतेनं बेअरिंग जळतं.

निपाणीकर:
पटलं. मग माणसाला उचलणारी छोटी जेट चालतात ती कशावर?

उद्यमबागवाला:
वेगावर. स्विस वैमानिक ईव्ह रोसी २००८ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून गेले ते कडक पंख लावून, ताशी २०० किमीच्या आसपास, दहा मिनिटांच्या आत. तेही विमानातून उडी मारून, उतरले पॅराशूटनं. दुसरी जागा म्हणजे ग्लायडर. त्याला थ्रस्ट कमी लागतो, वेग ताशी शंभराच्या पुढं असतो, आणि इंजिन थोडी मिनिटंच चालवायचं असतं.

खानापुरी:
दादा, तुमच्या कामाला टू-स्ट्रोकच घ्या, फक्त दोन गोष्टी सांभाळा. समुद्रसपाटीला लावलेला कार्बोरेटर इथं जास्त पेट्रोल देतो. स्पार्क प्लग काळा-ओला दिसला तर कार्बोरेटरचा हाय स्क्रू (जोरात चालताना पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) थोडाच आत घ्या. तपकिरी आला की थांबा, पांढरट पडला तर पिस्टन तापून धरेल, म्हणजे जाम होईल. इथेनॉलचं पेट्रोल पावसाळ्यात पाणी ओढतं आणि कार्बोरेटरमधलं रबरी डायफ्राम कडक होतं, म्हणून उडून आल्यावर टाकी रिकामी करून ठेवा. बेळगावशेजारी सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं दोन्ही आहेत, तेव्हा जागा ठरवण्याआधी परवानगीचं बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास धरा. जूनपासून घाटाकडून वारा सुटला की पंख जमिनीवरसुद्धा उघडू नका.