माकोंदोतल्या चादरी आणि दोनशे डब्यांची मालगाडी

कोरीपाटी:
कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी मी नुकतीच इंग्रजीतून वाचून संपवली. माकोंदो या कल्पित गावातल्या ब्वेंदिया घराण्याच्या सात पिढ्या, पुन्हा पुन्हा येणारी होसे आर्कादियो आणि आउरेलियानो ही दोनच नावे, आणि दर दहा पानांनी सुरुवातीच्या वंशवृक्षाकडे परतणारी मी, अशी पहिली दोनशे पाने गेली. माझी खरी अडचण मात्र वेगळीच आहे.

या घराण्यातली सुंदर रेमेदिओस बागेत चादरींच्या घड्या घालता घालता त्या चादरींसकट आकाशात निघून जाते. बाहेरगावचे लोक कुजबुजतात की घरच्यांनी अब्रू झाकण्यासाठी ही गोष्ट रचली असावी, पण गावातले बहुतेक जण ती खरी मानून मेणबत्त्या लावतात. पुढे केळीच्या कंपनीविरुद्ध संप करणाऱ्यांवर, त्यांच्या बायकामुलांवर स्टेशनाजवळच्या चौकात लष्कर गोळ्या झाडते आणि जवळजवळ दोनशे डब्यांच्या मालगाडीतून प्रेते समुद्राकडे नेली जातात. त्या गाडीतून उडी टाकून वाचलेला होसे आर्कादियो सेगुंदो परततो, तेव्हा पहिल्याच घरातली बाई त्याला सांगते की इथे कोणीही मेलेले नाही. आकाशात गेलेली मुलगी पटते आणि डोळ्यांदेखत मेलेली माणसे पटत नाहीत, असे हे गाव आहे. ही कादंबरी आपल्या पुराणकथांसारखी वाचायची, की आणखी कशी, हे जाणकारांनी सांगावे.

ओसरीवरून:
पुराणकथांची आठवण होणे साहजिक आहे, पण ती तुलना मला फार लांबपर्यंत टिकणारी वाटत नाही. पुराणात चमत्काराला कारण असते. कोणी तप केलेले असते, कोणी वर दिलेला असतो, कोणाचा शाप भोवलेला असतो. वारकरी परंपरेत तुकोबांचे सदेह वैकुंठगमन ही भक्तीची परिणती आहे. रेमेदिओसने मात्र काहीच केलेले नाही. ती जाते, आणि मागे राहिलेली घरची सून फर्नांडा कितीतरी दिवस देवाला विनवत राहते की निदान चादरी तरी परत पाठव. वाचकाला तो प्रसंग पटतो तो या चादरींमुळे. स्वर्गारोहणाला घरातल्या कपड्यांचा हिशेब जोडला की शंका घ्यायला जागाच उरत नाही.

मार्केस यांनी अनेकदा सांगितले आहे की आजी अत्यंत विलक्षण गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत असे, आणि तो सूर सापडल्यावरच ही कादंबरी त्यांना लिहिता आली. आपल्याकडेही विहिरीवरच्या मुंजाची गोष्ट सांगताना आजी ‘तेव्हा आमची कपिला गाय नुकतीच व्यायली होती’ असे मध्येच घालत असे. तिथे मुंजापेक्षा गाय जास्त कामाची असते.

बखरवाचक:
हत्याकांडाबद्दल थोडे लिहितो. ते कल्पित नाही. १९२८ च्या डिसेंबरात कोलंबियातल्या सिएनागा येथे युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीबागांतील संपकऱ्यांवर सैन्याने गोळीबार केला. मार्केस तेव्हा जवळच्या आराकाताका गावात दोन वर्षांचेही नव्हते. सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या जनरल कोर्तेस वार्गास यांनी ४७ मृत्यू मान्य केले. बोगोटातील अमेरिकन दूतावासाने आपल्या सरकारला कळवलेला आकडा एक हजाराच्या वर होता. नक्की संख्या आजतागायत ठरलेली नाही.

कादंबरीतला तीन हजारांचा आकडा कथेच्या आवाक्याला शोभावा म्हणून आपण निवडला, हे लेखकाने स्वतः सांगितलेले आहे. नंतर मात्र या घटनेच्या एका स्मृतिदिनी कोलंबियाच्या सेनेटमध्ये त्या तीन हजार हुतात्म्यांसाठी मिनिटभर मौन पाळण्याचे आवाहन एका वक्त्याने केले, अशी नोंद त्यांच्याच आत्मचरित्रात आहे. म्हणजे सरकारने इतिहासातून माणसे वजा केली आणि कादंबरीने ती स्वतःच्या हिशेबाने परत मिळवली. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. माकोंदोतल्या लोकांना चमत्कार मानण्यात काहीच गमवायचे नसते, पण गोळीबार मानला तर तो कोणी केला हेही मानावे लागते. त्यानंतर चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस पडतो. त्याला मी अद्भुत म्हणणार नाही. सगळे पुसून काढायला तेवढे पाणी लागलेच असते.

ओसरीवरून:
तरीही एक हरकत नोंदवतो. लोक केवळ भीतीने नाकारतात असे कादंबरी म्हणत नाही. ते खरोखरच विसरतात. निद्रानाशाच्या साथीत स्मरणशक्ती जाऊ लागली तेव्हा गाईच्या गळ्यात ‘ही गाय आहे, हिचे रोज सकाळी दूध काढायचे असते’ अशी पाटी अडकवणारे हेच गाव आहे.

जुनीवही:
नावांचा विषय मूळ प्रश्नात बाजूला ठेवला आहे, पण मला तोही याच विसराळूपणाशी जोडलेला वाटतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडेही होती: बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, पहिल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही म्हणून सून अशा मुलाला बाळ किंवा बाबू म्हणे, आणि त्यामुळे माणसे आपोआप वेगळी राहत. शिवाय नावाबरोबर स्वभाव येतोच असे नाही, हे दोन बाजीरावांनी पुरेसे सिद्ध केले आहे. ब्वेंदियांच्या घरात मात्र स्वभावही नावासोबत येतो. आउरेलियानो एकलकोंडे आणि होसे आर्कादियो धडाडीचे, हे घराण्याची मूळ आई उर्सुला हिचे निरीक्षण आहे. जिथे तो नियम चुकतो त्या जुळ्या भावांची, म्हणजे होसे आर्कादियो सेगुंदो आणि आउरेलियानो सेगुंदो यांची, लहानपणीच अदलाबदल झाली असावी अशी तिला शंका येते. अखेर दफनाच्या वेळी त्यांच्या शवपेट्या दारूच्या नशेतल्या मित्रांकडून एकमेकांच्या थडग्यांत जातात, म्हणजे बहुधा बरोबर जागी पोचतात.

आणखी एक गोष्ट, जी मराठी वाचकाने सोडू नये. गावात येणाऱ्या मेल्कियादेस या जिप्सीची हस्तलिखिते संस्कृतात आहेत हे शेवटाकडे कळते. पण त्याच्या कितीतरी आधी आउरेलियानो सेगुंदोला ती अक्षरे तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात. लिपीचे नाव कुठेही दिलेले नसले, तरी शिरोरेषेला लोंबकळणारी आपली अक्षरे ज्याने प्रथमच पाहिली त्याला ती आणखी कशी दिसली असती?

कोरीपाटी:
तारेवरच्या कपड्यांचे ते वाक्य मी वाचले होते आणि खुशाल पुढे गेले होते. गाय व्यायलेली असण्याचा मुद्दा आणि ४७ चा आकडा, दोन्ही लिहून ठेवले आहेत. बखरवाचक आणि ओसरीवरून यांच्यात कोणाचे बरोबर हे मला अजून ठरवता येत नाही, म्हणून ती साथ येते तिथून पुन्हा वाचायला घेतले आहे.