इराणमधलं अबयाने: पत्ता कसा वाचायचा, आणि माणसं इतकी कमी कशी?

मोडीवाचक:
अबयाने गावातल्या लाल मातीच्या घरांचे फोटो पाहिले आणि माहिती शोधत बसले. पत्ता सापडला तो असा: देहेस्तान बर्झरूद, बख्श मरकझी, शहरेस्तान नतान्झ, ओस्तान इस्फहान. २००६ च्या जनगणनेत लोक ३०१, कुटुंबं १६०. मी मोडी कागद वाचते, त्यामुळे 'देह' म्हणजे गाव हे 'देहझाडा' (गावांची जुनी यादी) या शब्दावरून लगेच कळलं. पण बाकीची उतरंड कशी लावायची? आणि बातम्यांत येतं ते अणुकेंद्राचं नतान्झ हेच का? आकड्यांनी तर झोप उडवली आहे. १६० कुटुंबांत ३०१ माणसं, म्हणजे घरटी दोनसुद्धा नाहीत. छपाईची चूक असेल का?

डोंगरवाट:
देहेस्तान म्हणजे आसपासच्या काही गावांचा गट. असे गट मिळून बख्श होतो, मरकझी म्हणजे मधला. त्यावर शहरेस्तान, आपल्या जिल्ह्यासारखं, आणि सगळ्यांत वर ओस्तान म्हणजे प्रांत. नतान्झ तेच. फक्त अणुकेंद्र सपाट वाळवंटी मैदानात आहे आणि अबयाने कर्कस डोंगराच्या उतारावर, दोन हजार मीटरच्याही वर. काशान शहराहून साधारण ७० किलोमीटर.

रेवाची आई:
ताई, चूक नाही. मी तिथे एक रात्र राहिले आहे, नोव्हेंबरात. दुपारी सहलीच्या बसगाड्या असतात, त्या गेल्या की गल्लीत फक्त आपल्याच पावलांचा आवाज. तरुण मंडळी तेहरानला, काशानला. नवरोजला, मोहरमला, उन्हाळ्यात घरं उघडतात, एरवी मागे राहतात ती म्हातारी माणसं, कुठे दोघं, कुठे एकटीच. २००६ ची गणनाही आबान महिन्यात झाली होती, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, ऐन थंडी सुरू होताना.

तिथल्या जुन्या दारांवर वाजवायला दोन वस्तू असतात. जाड दांडा पुरुषांनी वाजवायचा, कडी बायकांनी, म्हणजे बाहेर कोण आहे ते आवाजावरूनच आत कळतं. मी कडी वाजवली. लाल फुलांचा पांढरा रुमाल खांद्यांवरून खाली सोडलेल्या एक आजी आल्या. सफरचंदाच्या वाळवलेल्या फोडी निवडत होत्या, मूठभर माझ्या हातात घातल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्या गाडीवाल्याने विचारून सांगितलं, शेजारच्या तीन घरांच्या आहेत.

गाव पायऱ्यापायऱ्यांचं आहे, खालच्या घराचं छप्पर ते वरच्याचं अंगण. छपरं सपाट, मातीची. बर्फ पडलं की लगेच ओढून काढावं लागतं, नाहीतर पाणी मुरून माती फुगते आणि आत गळतं. घर बंद असलं तरी बर्फ थांबत नाही. म्हणून आजी मुलाकडे कायमच्या राहायला जात नाहीत. मला ते ३०१ मधलं एक माणूस अजून डोळ्यांसमोर दिसतं.

मोडीवाचक:
किती छान सांगितलंत. फारसीत जनगणनेला 'सरशुमारी' म्हणतात, डोकी मोजणं. आपल्या जुन्या कागदांत 'खानेसुमारी' येते, घरं मोजणं. मी आजवर हे दोन शब्द एकच धरत होते. अबयानेत घरं एक गोष्ट सांगतात, डोकी दुसरी. एक विचारू? किल्ल्या सारख्याच दिसत असणार. कुठली कोणाची हे आजी कसं ओळखायच्या?

रेवाची आई:
प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती. हिरवी, पिवळी आणि एक निळी, फार विटलेली.