मे महिन्यात मुंबईतच पर्यटक व्हायचंय, उन्हाचं गणित कसं जमवायचं?

घरचाच_पाहुणा: यंदा गावाला जाणं नाही. मुलं ९ आणि १३ वर्षांची. मॉल आणि वॉटर पार्क सोडून मुंबईतच तीन-चार दिवस भटकायचंय. सकाळी ११च्या आत घरी परतता येईल असं काय आहे? सगळे एलिफंटा सांगतात, तेवढं सोडून.

पाऊणकी: खडकाळ किनारा, ओहोटीच्या वेळी. कार्टर रोड किंवा हाजी अली. पाणी उतरलं की खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे, कालवं आणि नशीब असेल तर छोटा ऑक्टोपस दिसतो. तिकीट नाही.

सगळा खेळ वेळेचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिच्या आकड्याची पाऊणकी (पाऊणपट) करा, म्हणजे भरतीची वेळ आली. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. त्याच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. वद्य पक्षात पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज साधारण ४८ मिनिटं पुढे सरकते, पाऊणकीचं मूळ तेच.

मुंबईकरांच्या फायद्याची गोष्ट अशी, की पाणी सगळ्यात खाली जातं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि नेमकी तेव्हाच ओहोटी पहाटे नि संध्याकाळी येते. ऊन टळतं. अष्टमीच्या आसपास जाऊ नका. तेव्हा भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी असते, पाणी धड उतरतच नाही.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाण्याच्या मागे मागे खाली उतरा, आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. लोक इथेच चुकतात. पहिल्या तासात पाणी जेमतेम चढतं, त्यामुळे अजून वेळ आहे असं वाटतं. चढ-उताराचा फरक ४ मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते प्रत्येकी मीटरभर वाढतं. तेही समोरून नाही, तुमच्या मागच्या सखल भागातून आधी शिरतं.

स्लिपर चालणार नाहीत, मागे पट्टा असलेली रबरी सँडल किंवा जुने बूट हवेत. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि शहराचं सांडपाणी तिथेच येतं, तेव्हा कापलं तर लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. हिरव्या शेवाळावर पाय नको. दगड उलटला तर होता तसा परत ठेवा, खालचे जीव उन्हात तासाभरात वाळतात. शंख उचलायचे नाहीत. काहींचा डंख विषारी असतो, आणि रिकामा वाटणारा शंख बहुतेक वेळा कुणाचं तरी घर असतं.

लेणीवाला: दुसऱ्या दिवशी कान्हेरी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली बौद्ध लेणी. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद (एलिफंटाही). बोरिवलीच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, मुलांना चालवू नका, आतली बस घ्या. माणशी दोन लिटर पाणी. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं आलीच.

सगळे आधी लेणं क्र. ३ बघत बसतात आणि मग तापलेल्या कातळावरून वर चढतात. उलटं करा. गारव्यात आधी वर जा. लेणं ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे, लेणं ९० मध्ये इसवी सन १००९ आणि १०२१चे पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेख. क्र. ३चं चैत्यगृह खोल आणि सावलीचं, ते उतरताना शेवटी.

मुलांना एक काम द्या: कातळावर कोरलेले पन्हळ शोधायचे आणि पाणी कुठे जायचं ते माग काढत बघायचं. बरेचसे पन्हळ एखाद्या टाक्याशी संपतात. टाक्यांजवळच्या शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय. मूर्तींपेक्षा मुलं यातच जास्त रमतात.

घरचाच_पाहुणा: म्हणजे द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास. सहाला पोचलो तर बरोबर?

पाऊणकी: बरोबर. पण तिथीचा क्षय-वृद्धी झाला की हिशेब अर्धा-पाऊण तास हलतो. आदल्या रात्री अपोलो बंदरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ ताडून बघा आणि तिथला मीटरचा आकडाही वाचा. ०.५ किंवा कमी असेल तर उत्तम. १च्या वर असेल तर खालची डबकी उघडीच पडत नाहीत, त्या दिवशी कान्हेरी आधी उरका.

लेणीवाला: सोमवार नसेल तर.