मदत हवी आहे : लैंगिकता शिक्षणाचा मुलांवर झालेला परिणाम शाळेच्या पातळीवर कसा मोजावा?

नमस्कार. तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. गेली दोन वर्षे आठवी-नववीसाठी आम्ही लैंगिकता शिक्षणाचे वर्षाला सहा तास घेत आहोत. गेल्या पालकसभेत मागच्या रांगेतून एका वडिलांनी विचारले, "बाई, ह्यानं पोरांच्यात फरक काय पडला, ते सांगा की." प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझ्याकडे होती ती वीस गुणांची चाचणी. तासांपूर्वी आणि तासांनंतर तीच दिली, गुण वाढले. पण प्रकाशसंश्लेषण शिकवून त्याच दिवशी चाचणी घेतली तरी गुण वाढतातच. युनेस्कोच्या 2018 च्या सुधारित मार्गदर्शिकेत अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटले आहे की अशा शिक्षणामुळे मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, आणि केवळ संयमाचा उपदेश करणारे कार्यक्रम परिणामकारक ठरत नाहीत. हे मी सभेत सांगू शकले असते. परंतु 2007 साली ज्या राज्यात विधिमंडळातील विरोधानंतर शाळांमधला असा कार्यक्रम थांबवावा लागला, तिथल्या पालकाला परदेशातला आढावा नव्हे, आपल्या मुलात झालेला बदल ऐकायचा असतो.

मला स्वतःला बदल दिसतो तो प्रश्नपेटीत, म्हणजे मुले आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकतात त्या पेटीत. पहिल्या वर्षी एका चिठ्ठीवर पेन्सिलीने, पुसून पुन्हा लिहिलेले होते : "स्वप्नदोष हा आजार आहे का? औषध कुठे मिळते?" (ज्या शब्दातच 'दोष' आहे, तो ऐकून मुलाने घाबरू नये तर काय करावे!) मुली पाळीला 'अडचण' म्हणत आणि त्यापुढे काही विचारत नसत. यंदा एका मुलीने चिठ्ठीत लिहिले की पाळीच्या दिवसांत पोटात इतके दुखते की बाकावर बसवत नाही, तर डॉक्टरांकडे जाताना आईला काय सांगू. माझ्या दृष्टीने हा मोठा पल्ला आहे, पण तो आकड्यांत कसा मांडावा हे मला कळत नाही. मुलांच्या वागण्याविषयी थेट प्रश्नावली द्यावी का? मराठीत तयार असलेली, या वयाला झेपणारी प्रश्नावली कोणाकडे आहे का?

प्रतिसाद (कराडहून, निवृत्त मुख्याध्यापक)

मॅडम, वागण्याविषयी थेट प्रश्न विचारू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 2012 चा आहे आणि त्याच्या कलम 19 नुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यावर ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रश्नावलीत कोणी असे काही लिहिले, तर 'निनावी होते' म्हणून ती फाईल करून ठेवता येणार नाही. चिठ्ठ्यांनाही हेच लागू होते, आणि मुलांना हे पेटी ठेवण्याआधीच स्पष्ट सांगायला हवे.

मोजायचेच असेल तर तीच चाचणी सहा महिन्यांनी, पूर्वसूचना न देता पुन्हा घ्या. त्या वेळी जे टिकलेले असेल तेच खरे शिकणे. एका तुकडीला पहिल्या सत्रात आणि दुसरीला दुसऱ्या सत्रात तास दिले, तर तुलनाही आपोआप होते. चिठ्ठ्या विषयवार लावा : भीती किती, माहिती किती, मदतीची मागणी किती. आणि मुलींच्या हजेरीपटात महिन्याला दोन-तीन दिवसांच्या गैरहजेरीचा ठसा दिसतो का, तेही पाहा. त्यात बदल दिसला, तरी त्याआधी शौचालयाची आणि पाण्याची सोय सुधारली होती का, याची नोंद घ्या. नाहीतर श्रेय भलत्याच गोष्टीला जाईल.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे, सर. एका तुकडीला मागे ठेवणे मनाला पटत नव्हते, पण दुसऱ्या सत्रात तेच तास मिळणार असतील तर हरकत नाही. चिठ्ठ्या कालपासून लावायला घेतल्या आहेत. मुलांच्या चिठ्ठ्यांत भीतीचा गठ्ठा सर्वांत जाड आहे. मराठी प्रश्नावली मात्र अजून हवीच आहे. कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.